दहा सेंटचं कॉमिक आणि मधली गळती

‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८ साली अमेरिकेत निघाला तेव्हा त्याची किंमत होती फक्त दहा सेंट. सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो याच अंकात. त्याची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये हेरिटेज या कंपनीच्या लिलावात साठ लाख डॉलरला गेली. अशी बातमी आली की मेसमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, “अरे, आमच्या माळ्यावर पण जुनी कॉमिक्स पडलीयेत यार!” आणि टिश्यू पेपरवर हिशोब सुरू होतो. पण मशीन्सच्या लेक्चरला आपण इनपुट, आउटपुट आणि मधले लॉसेस शिकतो ना, तसंच इथेही आहे. बातमीत छापतात तो इनपुट!

त्या साठ लाखांचंच बघा. लिलावातली बोली होती पन्नास लाखांची. वरचे दहा लाख म्हणजे खरेदीदाराने लिलाव कंपनीला दिलेला वीस टक्के प्रीमियम. म्हणजे विकणाऱ्याच्या हातात साठ लाख पडलेच नाहीत. शिवाय अमेरिकेत कॉमिक्स, नाणी, तिकिटं असल्या संग्रहाच्या वस्तू वर्षभरापेक्षा जास्त ठेवून विकल्या, तर नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो. शेअरवरच्या अशा करापेक्षा हा दर जास्त आहे.

आता किंमत ठरते कशी? नुसतं जुनं असून भागत नाही. २००० साली सीजीसी नावाची कंपनी सुरू झाली. ती कॉमिक तपासून ०.५ ते १० मध्ये ग्रेड देते आणि प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत पाठवते. या डबीला म्हणतात स्लॅब. (गंमत म्हणजे कॉमिक स्लॅबमध्ये गेलं की ते वाचता येत नाही.) कणा दुमडलेला, पिना गंजलेल्या, कागद पिवळा पडलेला, असं काहीही असलं की मार्क कापले जातात. आपल्या सबमिशनसारखंच, फक्त इथे वशिला चालत नाही. फाटलेलं चिकटवलं किंवा उडालेला रंग भरला तर लेबल जांभळं येतं, म्हणजे ‘डागडुजी केलेलं’. असा अंक दिसायला सुंदर असला तरी भाव खूपच कमी येतो.

सगळ्यात वाईट वाटतं ते ‘इनक्रेडिबल हल्क’च्या १८१ व्या अंकाचं. १९७४ चा अंक, किंमत २५ सेंट, आणि वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण गोष्टभर दिसतो तो यातच. त्या काळी मार्व्हल कंपनी अंकाच्या आत एक छोटा स्टॅम्प छापायची आणि मुलांना तो कापून वहीत चिकटवायला सांगायची. मुलांनी कापला! आज तो चौकोन गेलेल्या प्रतीची किंमत पूर्ण प्रतीच्या मानाने फारच कमी येते. म्हणून जाणकार आधी स्टॅम्प आहे का ते बघतात, कव्हर नंतर.

आता खरा मुद्दा, अपग्रेड. बऱ्याच संग्राहकांचा हा आजारच असतो. ४ ग्रेडची प्रत आहे, ६ ची हवी. ६ ची आली की ८ ची. समजा, तुमच्या प्रतीचा बाजारभाव १,००० डॉलर आहे आणि हवी असलेली चांगली प्रत २,००० ला मिळते. किती खर्च येईल? कोणीही म्हणेल, हजार. करून बघू. जुनी प्रत वेबसाइटवरून विकली, समजा कमिशन १३ टक्के, म्हणजे १३० गेले. पॅकिंग, पोस्ट आणि विम्याचे ४०. हातात आले ८३०. नवी घेताना समजा ८ टक्के विक्रीकर, म्हणजे १६०, आणि पाठवणीचे ४०. झाले २,२००. २,२०० वजा ८३० म्हणजे १,३७०. वरचे ३७० डॉलर कागदाच्या एकाही पानात गेलेले नाहीत, नुसते वाटेत सांडले.

पुढे ऐका. ही नवी प्रत उद्या विकायची झाली आणि तोटा नको असेल, तर तेच कमिशन आणि तीच पोस्ट धरून ती साधारण २,५७५ ला विकली गेली पाहिजे. म्हणजे भाव जवळपास २९ टक्के वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच! डीलरला विकली तर त्रास कमी, पण त्याला स्वतःचा नफा काढायचा असतो, त्यामुळे तो बाजारभाव देणार नाही. माझ्या मते चार पायऱ्यांनी चढण्यापेक्षा थांबावं, पैसे साठवावेत आणि एकदाच हवी ती प्रत घ्यावी. गळती एकदाच होते.

अपग्रेडचा दुसरा मार्ग म्हणजे प्रेसिंग. थोडी उष्णता, थोडा दमटपणा आणि दाब देऊन कागदाच्या वळ्या काढायच्या आणि परत ग्रेडिंगला पाठवायचं. सीजीसी याला डागडुजी मानत नाही, म्हणून लोक करतात. पण प्रेसिंगची फी, ग्रेडिंगची फी (ती अंकाच्या किमतीनुसार वाढते) आणि दोन्हीकडची पोस्ट एवढं सगळं भरूनही तोच ग्रेड परत येऊ शकतो. स्वस्त अंकाला हे परवडतच नाही.

आणि सगळंच जुनं महाग होतं असंही नाही. १९३८ चा अंक दुर्मिळ आहे, कारण तेव्हा कोणी जपून ठेवला नाही. दुसऱ्या महायुद्धात तर रद्दी गोळा करायच्या मोहिमांत ढीगच्या ढीग गेले. याउलट १९९१ चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक ऐंशी लाखांच्या वर छापला गेला आणि लोकांनी ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून पाच-पाच प्रती पिशवीत घालून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्या, मग भाव येणार कुठून? तो फुगा फुटला आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता माळ्यावरच्या ट्रंकेबद्दल. आपल्याकडे बहुधा निघतील ती इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्स ऑफ इंडियाने ती मार्च १९६४ मध्ये फँटमपासून, म्हणजे आपल्या वेताळापासून सुरू केली आणि १९९० मध्ये बंद केली. नियम तेच, कव्हर शाबूत आहे का, आतली पानं सगळी आहेत का, लायब्ररीचा शिक्का आहे का. पिना गंजल्या असतील तर उपटू नका, सेलोटेप तर अजिबात लावू नका, त्याचा चिकट डाग कागदात उतरतो. आणि घरच्यांनी प्रेमाने दहा-दहा अंकांचं बाइंडिंग करून ठेवलं असेल, तर ते उसवून सुटे अंक विकायच्या भानगडीत पडू नका. बाइंडरने कडा कापलेल्या असतात आणि शिलाईची भोकं काही बुजत नाहीत. ते बाइंडिंग सरळ हॉस्टेलवर घेऊन या, आमच्या विंगमध्ये वाचणारे पुष्कळ आहेत.