पहिली गोळी सुटण्याआधी

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला यंदा अडीचशे वर्षे झाली. त्या निमित्ताने मराठीत जे लेख आले ते सगळे मी मन लावून वाचले. बहुतेक लेख चहाच्या पेट्यांपासून निघतात, लेक्सिंग्टनला जरा थांबतात आणि ४ जुलै १७७६ला फिलाडेल्फियात पोचतात. वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन ही त्रिमूर्ती ठरलेली. १७७४ साली मॅसॅच्युसेट्सच्या खेड्यापाड्यांत काय घडले, याबद्दल एका ओळीचीही तसदी कोणी घेत नाही. माझे म्हणणे पूर्वीपासून हेच आहे की, राज्य खऱ्या अर्थाने पालटले ते तिथे आणि तेव्हा. लेक्सिंग्टनची पहिली गोळी त्यानंतर सात महिन्यांनी सुटली.

आधीच्या दीडशे वर्षांची जंत्री शाळेच्या पुस्तकात आहे. १६०७चे जेम्सटाउन, १६१९ची व्हर्जिनियाची प्रतिनिधी सभा आणि त्याच वर्षी तिथे उतरवलेले आफ्रिकी बंदिवान, १६२०चे प्लिमथ. पुढे फ्रान्सशी सात वर्षांचे युद्ध, १७६३चा तह आणि इंग्लंडच्या डोक्यावरचे कर्ज. ते फेडण्यासाठी साखरेवर, कागदपत्रांवर, काच-रंगांवर कर. यातला १७६५चा स्टॅम्प कायदा वर्षभरात मागे घ्यावा लागला, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

चहापाशी मात्र थांबायला हवे. चहा महाग झाला म्हणून लोक भडकले, असे आपल्याकडचे एक जाणते लेखक वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. घडले ते नेमके उलट. १७७३च्या कायद्याने चहा स्वस्त झाला, डच चोरट्या मालापेक्षाही स्वस्त. ईस्ट इंडिया कंपनीची लंडनमधली गोदामे न खपलेल्या चहाने भरली होती. बंगालची लूट, १७७०चा भीषण दुष्काळ आणि लष्करी खर्च यांतून कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली होती. तिला सरकारकडून चौदा लाख पौंडांचे कर्ज घ्यावे लागले आणि अमेरिकेत थेट माल विकण्याची सवलत मिळाली. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा कायम राहिला. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सन यांनी त्याच नोव्हेंबरात टोपणनावाने लिहिलेल्या पत्रकात कंपनीने आशियात काय केले याचा दाखला देऊन आपल्या लोकांना सावध केले. बंगालच्या भुकेची वार्ता डेलावेअर नदीच्या काठी पोचली होती, हे आपल्या वाचकाला कोणीतरी सांगायला नको का? १६ डिसेंबरला बॉस्टनच्या धक्क्यावरून ३४२ पेट्या समुद्रात गेल्या, त्यामागे स्वस्ताईच्या आमिषाने कर गळी उतरवला जाईल ही धास्ती होती.

पार्लमेंटने शिक्षा म्हणून बॉस्टन बंदर बंद केले. बहुतेक लेखक तेवढेच सांगतात. त्याहून जहाल होता २० मे १७७४चा मॅसॅच्युसेट्स शासन कायदा. गव्हर्नरचे सल्लागार मंडळ राजा नेमणार, आणि वर्षातून एकापलीकडे गावसभा घ्यायची तर गव्हर्नरची परवानगी लागणार. ही गावसभा म्हणजे न्यू इंग्लंडचा प्राण होता. सभेच्या आधी विषयपत्रिका गावात लावायची, सभा भरली की आधी अध्यक्ष निवडायचा, मग रस्ते, शाळामास्तर, पाद्र्याचे वेतन असे एकेक विषय. मोकाट डुकरांवर देखरेख ठेवणारा माणूससुद्धा मतदानाने निवडला जाई. बायकांना, गुलामांना आणि मालमत्ता नसलेल्यांना तिथे मत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पण शंभर-सव्वाशे वर्षे अशा सभा चालवलेल्या शेतकऱ्याला ठराव कसा लिहावा हे कोणी शिकवायला लागले नाही. म्हणूनच १७७२च्या नोव्हेंबरात सॅम्युएल ॲडम्स यांच्या पुढाकाराने बॉस्टनने पत्रव्यवहार समिती नेमली, तेव्हा शंभराहून अधिक गावांनी आपापल्या सभांमधून उत्तरे धाडली.

त्या गावांनी १७७४च्या उन्हाळ्यात नवा कायदा मोडीत काढला. १६ ऑगस्टला ग्रेट बॅरिंग्टनमध्ये जमावाने कचेरीच्या दारात ठाण मांडून न्यायालय भरू दिले नाही. २४ ऑगस्टला सेलममध्ये गव्हर्नर गेज यांचे सैनिक गावात असताना सभा झाली. ६ सप्टेंबरला वूस्टर इथे ३७ गावांची पथके गोळा झाली. मोजदाद झाली तेव्हा माणसे भरली ४,६२२. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती उभी राहिली आणि राजाच्या न्यायाधीशांना, अंमलदारांना टोप्या हातात घेऊन मधून चालवले. प्रत्येक पथकापुढे त्यांना आपला माफीनामा वाचावा लागला, तीसहून अधिक वेळा. रक्ताचा थेंब सांडला नाही. गेज सैन्य धाडणार होते, त्यांनी तो बेत सोडला. सप्टेंबर सरता सरता बॉस्टनबाहेर इंग्लंडच्या राजाचा अंमल उरला नव्हता. ४ ऑक्टोबरला वूस्टरच्या गावसभेने आपला प्रतिनिधी टिमथी बिगेलो, पेशाने लोहार, याला लेखी बजावले: जुने सरकार संपले असे धरा, नवे उभे करा. फिलाडेल्फियातल्या जाहीरनाम्याआधी एकवीस महिने!

मुंबईत न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन ग्रंथालयात मी तरुणपणी या गावसभांच्या हकिकती प्रथम वाचल्या. वाचता वाचता दुपारचे जेवण राहून जाई. तेव्हा असे काही सापडले की संपादक पंचवीस पाने मोकळी ठेवत आणि वाचक पत्रे लिहून भांडत. आज तीच साधने घरबसल्या उघडता येतात, पण ती उघडणारा मराठी लेखक मला दिसत नाही. थोरांची चरित्रे एकमेकांवरून उतरवली जातात आणि गावांची नावे गळतात. याचे मला फार वाईट वाटते.

पुढचे युद्ध, फ्रान्सची मदत, यॉर्कटाउन यांवर मराठीत पुरेसे आहे. थॉमस पेन यांच्या जानेवारी १७७६च्या ‘कॉमन सेन्स’वरही आहे. पेनचेच ‘राइट्स ऑफ मॅन’ जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचले, आणि १८७३चे ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केले. अलीकडे एक पक्ष म्हणतो की गुलाम बाळगणाऱ्यांची क्रांती मुळातच खोटी. दक्षिणेतल्या मळेवाल्यांना हा आरोप चुकवता येणार नाही. पण गावोगावच्या ठरावांतले शब्द गुलामांच्याही कानी पडत होते. मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनी १७७३ सालीच स्वातंत्र्यासाठी अर्ज केले होते.

१७७३च्याच जानेवारीत शेफील्ड गावाने माणसे निसर्गतः समान आणि मुक्त असल्याचा ठराव केला. तो तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख होते कर्नल जॉन ॲशली. बेट ही त्यांच्या घरातली गुलाम. १७८०च्या राज्यघटनेत तीच समानता आली, तेव्हा बेट वकील थिओडोर सेजविक यांच्याकडे गेली. सेजविक त्या जुन्या समितीचे चिटणीस होते. खटला उभा राहिला ग्रेट बॅरिंग्टनलाच, ऑगस्ट १७८१मध्ये. ज्यूरीने बेट आणि तिच्यासोबतचा ब्रॉम यांना मुक्त ठरवले आणि ॲशलींना तीस शिलिंग भरपाई द्यायला लावली. ॲशलींनी अपील केले, नंतर मागे घेतले. बेटने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. १७९०च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकाही गुलामाची नोंद झाली नाही.