जुन्या ट्रॅक्टरला मूळ रूप देताना : छटेचा शोध, रंगाचे रसायन आणि खंडेनवमीची घाई

मारतहळ्ळी (बंगळुरू) : जुना विमानतळ रस्ता आणि बाह्य वळण रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, त्या मारतहळ्ळीच्या परिसरात आज ट्रॅक्टर दिसतो तो बहुधा पाण्याच्या टँकरला जोडलेला. नावातील ‘हळ्ळी’, म्हणजे कन्नडमधील खेडे, तेवढे उरले. शेतांच्या जागी सदनिका आणि संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. तरीही भारतीय ट्रॅक्टरच्या इतिहासाशी या शहराचे नाते जवळचे आहे. जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर बनवण्यासाठी 1967 मध्ये स्थापन झालेली व्हीएसटी ही कंपनी येथून जवळच्याच महादेवपुऱ्याची. ‘झेटॉर 2511’ हा ट्रॅक्टर 1971 पासून घडवणाऱ्या एचएमटीचे मुख्यालयही बंगळुरूतच. कारखाना मात्र हरियाणातील पिंजोरला होता.

अशा जुन्या यंत्रांपैकी एखादे यंत्र घरच्या आठवणीखातर पुन्हा उभे करायचे ठरले, की इंजिनाची दुरुस्ती तुलनेने सरळ असते. घोटाळा होतो तो रंगाशी. चुकलेला पिस्टन बदलता येतो. चुकीच्या रंगाखाली गाडले गेलेले मूळ रूप परत मिळवणे फार कष्टाचे.

पहिला प्रश्न छटेचा. ‘ट्रॅक्टर लाल होता’ एवढ्या आठवणीवर दुकानात जाणे धोक्याचे, कारण ट्रॅक्टरचा लाल एकच नाही. मुंबईत कांदिवलीला तयार झालेला बी-275 हा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटिश नमुन्यावर बेतलेला. त्या अमेरिकी कंपनीने 1936 मध्ये करडा सोडून लाल रंग स्वीकारला होता. मॅसी फर्ग्युसनचा लाल त्याहून वेगळा, आणि त्याला जोड करड्याची. एकाच कंपनीचे रंगही काळानुसार बदलत गेले आहेत. इंग्लंडमधील डॅगनम येथे बनणारा फोर्डसन प्रथम निळा होता, 1937 मध्ये नारिंगी झाला आणि 1940 मध्ये, शेतात उभे यंत्र जर्मन विमानांच्या नजरेत भरू नये म्हणून, हिरवा झाला. मॅसी फर्ग्युसन 35 सुरुवातीला करडा आणि कांस्यवर्णी होता. लाल नंतर आला. त्यामुळे यंत्राचे वर्ष निश्चित केल्याशिवाय छटा निश्चित होत नाही, आणि वर्षासाठी नोंदणीच्या कागदापेक्षा चॅसिस व इंजिनाचे क्रमांक अधिक भरवशाचे ठरतात.

मूळ रंगाचा पुरावा बहुतेकदा यंत्रावरच असतो. ऊन आणि पाऊस पोहोचत नाही अशा जागा त्यासाठी धुंडाळाव्या लागतात: कंपनीच्या पट्टीची मागील बाजू, बॅटरीच्या पेटीखालचा भाग, हत्यारांच्या डब्याचा आतला तळ, डॅशबोर्डची आतली बाजू. तेथील मेण आणि तेल डिझेलच्या कापडाने पुसून, बारीक रबिंग कंपाउंडने हलके चोळले की दडलेली छटा उजळते. बॉनेटवरचा रंग कधीही नमुना म्हणून घेऊ नये. उन्हात लाल रंगद्रव्य फिकट, खडूसारखे होते, आणि ती फिकट छटा जुळवून आणली तर नवा ट्रॅक्टर जुनाच दिसतो, तोही वाईट अर्थाने. सापडलेल्या तुकड्यावरून यंत्राच्या साहाय्याने रंग मिसळून देणारी दुकाने आता मोठ्या शहरांत आहेत. मात्र दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारून, पूर्ण वाळल्यावर, दुपारच्या उजेडात मूळ भागाशेजारी ठेवून पाहणे हाच अखेरचा निवाडा. कंपनीकडून रंगाचा क्रमांक मिळाला तर काम सोपे होते. परंतु कंपनीच उरली नसेल तर? एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने 2016 मध्ये मंजुरी दिली. अशा यंत्रांच्या बाबतीत तो लपलेला बोटभर रंगच शेवटचा दस्तऐवज असतो. घासकाम सुरू होण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घेऊन ठेवणे आणि शक्य असल्यास तेवढा भाग तसाच राखणे शहाणपणाचे.

छटेनंतर रसायन. गावोगावी मिळणारा सिंथेटिक एनॅमल, म्हणजे बोलीतला ऑइलपेंट, स्वस्त असतो, ब्रशनेही बसतो आणि जुन्या ट्रॅक्टरच्या मूळ रंगाच्या स्वभावाला तोच सर्वांत जवळचा आहे. त्याचा दोष असा, की तो सावकाश कडक होतो, उन्हात चमक लवकर गमावतो आणि टाकीच्या झाकणाजवळ डिझेल सांडत राहिले की मऊ पडून निघतो. गॅरेजमध्ये अजूनही ‘ड्युको’ म्हणून ओळखला जाणारा नायट्रोसेल्युलोज रंग झटपट वाळतो. परंतु त्याला अनेक हात द्यावे लागतात, पॉलिश करावे लागते, आणि डिझेल वा खताशी तो फार काळ टक्कर देत नाही. मोटारींची ही लकाकी नांगराच्या धन्याला शोभत नाही, असेही अनेक जाणकारांचे मत असते, आणि ते चुकीचे म्हणता येत नाही. तिसरा पर्याय हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेनचा, म्हणजे ‘टू-के पीयू’चा. डिझेल, युरिया, शेण आणि ऊन या चौघांनाही तो सर्वांत चांगला पुरून उरतो. यंत्र रोज राबणार असेल तर तोच योग्य. फक्त प्रदर्शनात किंवा अंगणात उभे राहणार असेल तर एनॅमल पुरेसा आहे.

पीयूच्या टिकाऊपणाची किंमत मात्र रंगाऱ्याच्या फुप्फुसांनी मोजावी लागू शकते. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातील रसायने असतात. फवाऱ्यातील त्यांचे कण श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प संपर्कही धाप लावतो. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. साधा कोळशाचा मास्कही पुरेसा मानला जात नाही, कारण या रसायनांना सहज जाणवेल असा वास नसल्याने मास्क निकामी झाल्याचे कळतच नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे शिरस्त्राण हेच खरे संरक्षण. गल्लीच्या तोंडाशी, वस्तीला लागून असलेल्या अर्धवट शेडमध्ये पीयू फवारला जातो तेव्हा धोका एकट्या रंगाऱ्यापुरता राहत नाही. संरक्षक साधने नसलेल्या कारागिराकडून हे काम करून घेण्यापेक्षा एनॅमल निवडलेला बरा.

जुना रंग काढतानाचा धोका त्याहून कमी ओळखीचा आहे. पिवळ्या, नारिंगी आणि लाल औद्योगिक रंगांत शिशाची क्रोमेट संयुगे जगभर दीर्घकाळ वापरली गेली. भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून दशलक्ष भागांमागे 90 भाग ही शिशाची मर्यादा लागू झाली, ती केवळ घरगुती व सजावटीच्या रंगांना. औद्योगिक रंग तिच्या कक्षेबाहेर राहिले. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरच्या रंगात शिसे आहे असे धरूनच चालावे. ग्राइंडरने कोरडे घासल्यास उडणारी धूळ अंगणात, कपड्यांवर आणि मुलांच्या हातांवर बसते, आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. रासायनिक रिमूव्हर किंवा पाण्याने ओला केलेला पॉलिश पेपर, खाली पसरलेले प्लास्टिक आणि गोळा केलेला गाळ वेगळा बांधून ठेवणे, एवढी खबरदारी कोणत्याही घरी शक्य आहे.

पुढचे टप्पे कष्टाचे असले तरी त्यांत गूढ काही नाही: वायर ब्रशने गंज उतरवणे, थिनरने तेलाचा अंश पुसणे, प्रायमर, पोचे भरण्यापुरती लांबी आणि मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. एनॅमलखाली रेड ऑक्साइड चालतो, पीयूखाली एपॉक्सी प्रायमर बरा. एनॅमलवर थेट पीयू मारल्यास तीव्र थिनरमुळे खालचा थर सुरकुततो. सर्व सामान शक्यतो एकाच कंपनीचे घ्यावे आणि हार्डनरचे प्रमाण डब्यावर छापलेलेच पाळावे, अंदाजाने नव्हे. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डला मात्र यातले काहीच लागू नाही. तेथे सहाशे अंशांपर्यंत टिकणारा सिलिकॉनचा उष्णतारोधक रंगच हवा, अन्यथा पहिल्याच फेरीत पापुद्रे सुटतात.

आणि हवामान. कर्नाटकात आयुधपूजेला, महाराष्ट्रात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, त्यामुळे ट्रॅक्टर त्याआधी नवाकोरा व्हावा असा आग्रह असतो. नेमके सप्टेंबर-ऑक्टोबर हेच बंगळुरूतील सर्वाधिक पावसाचे महिने. हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असताना, किंवा पत्रा दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश उबदार नसताना रंग मारू नये, हा या व्यवसायातील सर्वमान्य नियम. तो मोडला तर ड्युको पांढरट पडतो, एनॅमल दिवसेंदिवस चिकट राहतो आणि प्रायमरखाली अडकलेला ओलावा पुढच्या पावसाळ्यात फोड होऊन वर येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या या शहरात जानेवारी ते मार्च हा काळ अनुकूल. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात पावसाळा सरल्यानंतरचे महिने. पूजेपर्यंत यंत्र आणि चाके तयार ठेवावीत, प्रायमरवर हळद-कुंकू वाहावे आणि रंग संक्रांतीनंतर द्यावा, हा मार्ग देवालाही अमान्य नसावा.

मूळ छटेऐवजी दुसराच रंग आवडला, तर आणखी एक पायरी आहे. वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात रंगाचा उल्लेख असतो. तो बदलल्यास परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 2021 मध्ये आलेली ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद दुचाकी आणि प्रवासी चारचाकींपुरती आहे, ट्रॅक्टर तिच्यात मोडत नाहीत.

रंगच न देणे हाही पर्याय आहे, आणि तो दिवसेंदिवस अधिक मान मिळवत आहे. मूळ रंग निम्म्याहून अधिक टिकून असेल तर यंत्र धुऊन, गंज थोपवून उकळलेल्या अळशीच्या तेलाचा पातळ हात दिल्यास ते वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. तेल लावलेल्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नये. वाळताना त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा दोरीवर सुट्या पसरून वाळवाव्यात.