आच्छादित उद्यान आणि लोकमत : लंडनमधील एक उदाहरण

लंडन शहराच्या ज्या प्राचीन व्यापारी भागास तेथे नुसते 'सिटी' असे म्हणतात, त्या सुमारे एक चौरस मैलाच्या क्षेत्रात २०, फेनचर्च स्ट्रीट ही १६० मीटर उंचीची कचेऱ्यांची इमारत आहे. तिच्या माथ्यावर, ३५व्या मजल्यापासून वर, काचेच्या कमानदार छपराखाली एक उद्यान करण्यात आले असून ते जानेवारी २०१५ मध्ये लोकांस खुले झाले. त्याचे नाव 'स्काय गार्डन'. प्रवेशास मूल्य पडत नाही. मात्र बहुतेकांना अगोदर वेळ राखून ठेवावी लागते आणि आत जाताना विमानतळावरच्याप्रमाणे झडती द्यावी लागते.

ह्या उद्यानाविषयी लोकमत काय आहे, असा साधा प्रश्न विचारला तर त्याची एकमेकांस छेद देणारी निदान तीन उत्तरे मिळतात. इमारतीस परवानगी देण्यापूर्वी झालेल्या जाहीर चौकशीचे दप्तर पाहिले तर तिला मोठा विरोध होता असे दिसते. उद्यान उघडल्यानंतरच्या वृत्तपत्रीय समीक्षा वाचल्या तर अपेक्षाभंगाचा सूर ऐकू येतो. आणि प्रवेशासाठी लागणाऱ्या रांगा पाहिल्या तर लोकांस ते अतिशय आवडलेले आहे असे म्हणावे लागते. ह्या तिहींपैकी खरे लोकमत कोणते, हे ठरविण्याची घाई न करता ती एकाच वास्तूविषयी एकाच वेळी कशी संभवतात ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ज्या विद्यार्थ्यांना पुढे नागरी प्रश्नांवर पाहणी करावयाची आहे त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. अशा पाहणीचे निष्कर्ष पुढच्या परवानगीसाठी पुरावा म्हणून मांडले जातात.

काचेखालचे उद्यान आणि लोकमत ह्यांचा संबंध लंडनला नवा नाही. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कची जागा मुक्रर झाली तेव्हा तेथील जुने एल्म वृक्ष तोडले जातील म्हणून ओरड झाली. पार्लमेंटमध्ये कर्नल सिब्थॉर्प ह्यांनी हा विषय अत्यंत त्वेषाने लावून धरला. जोसेफ पॅक्स्टन ह्यांनी त्यावर जो तोडगा काढला तो सर्वश्रुत आहे : मधल्या आडव्या दालनास उंच अर्धवर्तुळाकार छत देऊन ते वृक्ष त्यांनी इमारतीच्या पोटात घेतले. म्हणजे क्रिस्टल पॅलेसचे ते सुप्रसिद्ध रूप अंशतः विरोधी लोकमताने घडविलेले आहे. पुढे २६ मे १८५१ पासून एका शिलिंगात प्रवेश मिळू लागला. श्रमिक वर्ग लोटला की दंगाधोपा होईल ही वरिष्ठ वर्गाची धास्ती निराधार ठरली, आणि साडेपाच महिन्यांत सुमारे साठ लाख भेटींची नोंद झाली. इतके होऊनही, प्रदर्शन संपल्यावर ह्या वास्तूचे कायमच्या 'हिवाळी उद्याना'त रूपांतर करावे ही पॅक्स्टन ह्यांची सूचना १८५२ मध्ये पार्लमेंटने मानली नाही व वास्तू उकलून सिडनहॅम येथे नेण्यात आली. साठ लाखांची उपस्थिती हा सार्वजनिक निर्णय फिरविण्याइतका पुरावा तेव्हा ठरला नव्हता. आज उपस्थितीच्या आकड्याला जी प्रतिष्ठा आहे ती तेव्हा नव्हती, एवढे येथे ध्यानात घ्यावे.

आता फेनचर्च स्ट्रीटकडे वळू. राफाएल विन्योली ह्यांनी योजिलेली ही इमारत मूळ आराखड्यात जवळजवळ २०० मीटर उंच होती. सेंट पॉल्स कॅथीड्रल आणि टॉवर ऑफ लंडन ह्यांच्या दर्शनास तिच्यामुळे बाध येतो असा आक्षेप आल्याने उंची कमी करण्यात आली. तरीही 'इंग्लिश हेरिटेज' ह्या वास्तुवारसा-संस्थेचा विरोध मावळला नाही व प्रकरण जाहीर चौकशीपर्यंत गेले. इमारतीचे स्थान हा वादाचा मुख्य मुद्दा होता. सिटीतील अन्य उंच इमारती एका पुंजक्यात आहेत. ही त्यांच्यापासून दूर, नदीच्या बाजूस, एकटीच उभी राहणार होती. शिवाय ती वर जाताना निमुळती होत नाही, उलट रुंदावत जाते. कारण वरच्या मजल्यांना भाडे अधिक येते. हा आकार अर्थशास्त्राने काढलेला आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

अशा इमारतीच्या समर्थनार्थ जी कारणे पुढे केली गेली त्यांत माथ्यावरील सार्वजनिक उद्यानाचे वजन मोठे होते. शहराच्या क्षितिजरेषेवर लोकांचा जो हक्क आहे त्यात काही उणे होणार असेल, तर त्याची भरपाई म्हणून लोकांस माथ्यावरची जागा विनामूल्य मिळेल, असा हा व्यवहार होता. २००७ मध्ये परवानगी मिळाली व विनामूल्य प्रवेशाची अट विकासकावर करारान्वये बंधनकारक झाली. येथे लोकमताच्या अभ्यासकाने थांबले पाहिजे. ज्या लोकांचे काही जाणार होते आणि ज्यांना काही मिळणार होते ते लोक एकच होते काय? क्षितिजरेषा बिघडली असे मानणारा मनुष्य टेम्सच्या दक्षिण तीरावर रोज चालणारा असेल. वर जाऊन दृश्य पाहणारा मनुष्य चार दिवसांसाठी परदेशातून आलेला असेल. दोघांचीही मते खरी आहेत, परंतु एकाच्या लाभाने दुसऱ्याची हानी भरून निघते हे गृहीतक सिद्ध व्हावयाचे राहते. आयफेल मनोऱ्यावर राग असलेला एक फ्रेंच लेखक त्याच मनोऱ्यातल्या उपाहारगृहात नेमाने जेवीत असे, कारण पॅरिसमध्ये तो मनोरा न दिसणारी तेवढीच जागा होती, अशी एक आख्यायिका सांगतात. स्काय गार्डनलाही ती लागू पडते. आतून ते पाहणाऱ्यास त्याची इमारत दिसत नाही.

इमारत पुरी होण्यापूर्वीच तिच्याविषयीचे मत कलुषित झाले होते. २०१३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस तिच्या अंतर्वक्र काचभिंतीवरून परावर्तित झालेले ऊन खालच्या रस्त्यावर एकवटले आणि तेथे उभ्या असलेल्या एका मोटारीचे भाग वितळले. वार्ताहरांनी त्या उन्हात अंडी तळून दाखविली. पुढे त्या भिंतीवर ऊन अडविणाऱ्या पट्ट्या बसविण्यात आल्या. २०१५ मध्ये वास्तुशास्त्राच्या एका इंग्रजी नियतकालिकाने वर्षातील सर्वांत वाईट इमारतीचा 'कारबंकल कप' तिला दिला. उद्यान मात्र त्याआधीच, पूर्वग्रहाच्या हवेत उघडले होते.

प्रत्यक्षात काय उघडले? मधल्या मोकळ्या जागेच्या दोहों बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली उतरणीची वाफाबंदी. तीत भूमध्यसागरी प्रदेशातील व दक्षिण आफ्रिकेतील कमी पाण्यावर जगणाऱ्या वनस्पती, सायकॅड व वृक्षनेचे. मध्ये मद्यपानगृह व उपाहारगृहे. दक्षिणेस नदीकडे उघडणारा सज्जा. नियोजनाच्या काळात प्रसृत झालेल्या चित्रांतून दाट वनराईची कल्पना ज्यांनी करून घेतली होती त्यांना हे विमानतळाच्या प्रतीक्षागृहासारखे वाटले. कामाच्या दिवशी सायंकाळनंतर जागा मुख्यतः खाणाऱ्यापिणाऱ्यांची होते, ह्यावरही टीका झाली. दुसऱ्या बाजूस, लंडनमध्ये इतक्या उंचीवरून शहर पाहावयाचे तर अन्यत्र बरेच पैसे मोजावे लागत असताना हे फुकट पाहावयास मिळते, ही गोष्ट सामान्य पाहुण्यास पुरेशी होती. टीकाकार त्याला 'उद्यान' ह्या शब्दाने मोजीत होता, पाहुणा 'दृश्य' ह्या शब्दाने. मतभेदाचा बराचसा भाग ह्या एका शब्दात साठविलेला आहे, आणि माझ्या मते ह्या वादात टीकाकाराची बाजू अधिक बळकट आहे. कारण परवानगीच्या वेळी देऊ केले होते ते उद्यान. लोकांनी घेतली ती प्रेक्षासज्जा. घेणारा समाधानी आहे एवढ्याने देणारा वचनातून मुक्त होत नाही.

ह्या ठिकाणी समाजशास्त्रातील एक जुना वाद उपयोगी पडतो. हर्बर्ट ब्लूमर ह्यांनी १९४८ मध्ये असा आक्षेप घेतला की, मतचाचणी करणारे समाजाला सारख्या वजनाच्या सुट्या व्यक्तींचा ढीग समजतात. वास्तविक लोकमत समूहांतून, त्यांच्या परस्परसंघर्षातून आणि निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याच्या त्यांच्या विषम सामर्थ्यातून घडते. पिएर बोर्द्यू ह्यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी ह्याहून पुढे जाऊन म्हटले की, प्रत्येकास मत असतेच, सर्व मते सारखीच मोलाची असतात, आणि विचारलेले प्रश्न विचारण्याजोगेच आहेत ह्याविषयी एकवाक्यता असते, अशी तीन गृहीतके चाचणीत दडलेली असतात. फेनचर्च स्ट्रीटच्या प्रकरणात तिसरे गृहीतक सर्वांत घातक ठरते. उद्यानातून बाहेर पडणाऱ्यास 'आपणास हे आवडले काय' असे विचारणे सोपे आहे, व उत्तर बहुधा होकारार्थी येईल. परंतु 'हे मिळावे म्हणून ही इमारत येथे व्हावी काय' हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही.

सिटीच्या बाबतीत 'लोक' म्हणजे कोण हे ठरविणेही अवघड आहे. २०२१ च्या जनगणनेत तेथील रहिवासी सुमारे ८,६०० भरले. कामासाठी येणारे पाच लाखांहून अधिक आहेत. तेथील स्थानिक निवडणुकीत रहिवाशांबरोबर व्यापारी आस्थापनांनी नेमलेले मतदारही मत देतात, ही ब्रिटनमध्ये अन्यत्र न आढळणारी व्यवस्था आहे. म्हणजे निवडून आलेली संस्था ज्यांचे मत व्यक्त करते त्यांत कचेऱ्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि उद्यानास येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तर ह्या मतदारयादीशी संबंधच येत नाही. त्यातच वेळ राखून ठेवण्याची पद्धत स्वतःच एक चाळणी आहे. दुपारच्या सुटीत सहज डोकावू इच्छिणारा कारकून तीतून गळतो, प्रवासाचा बेत आधीच आखणारा पाहुणा टिकतो. अशा चाळलेल्या समूहास लोकमताचा नमुना समजणे म्हणजे नाट्यगृहात बसलेल्यांस नाटके आवडतात काय असे विचारण्यासारखे आहे.

ह्याच सिटीत, थोड्या अंतरावर, बार्बिकन कलाकेंद्राचे काचगृह आहे. नाट्यगृहावरचा पडदे ओढून घेण्याचा उंच मनोरा झाकण्यासाठी ते बांधण्यात आले व १९८० नंतरच्या काही वर्षांत खुले झाले. त्याची मालकी सार्वजनिक आहे, झाडी दाट आहे, उष्ण प्रदेशातील शेकडो जातींच्या वनस्पती तेथे आहेत. मात्र ते आठवड्यातील मोजक्याच दिवशी खुले असते. तरीही त्याच्याविरुद्ध फारशी तक्रार ऐकू येत नाही, कारण ते कोणत्याही सौद्याची किंमत म्हणून देण्यात आलेले नव्हते. दोन्ही उद्यानांच्या समाधानाचे गुणांक काढून शेजारी मांडले तर ही गोष्ट त्यांतून मुळीच दिसणार नाही.

सौद्याचा प्रश्न न्यूयॉर्कने ह्यापूर्वीच अनुभवला आहे. तेथील १९६१ च्या नियमावलीने लोकांसाठी जागा मोकळी ठेवणाऱ्या विकासकास जादा चटईक्षेत्र देऊ केले, व त्यातून खासगी मालकीच्या परंतु सार्वजनिक वापराच्या जागांची एक जातच निर्माण झाली; त्यांपैकी काही आच्छादित व झाडे लावलेल्या आहेत. जेरॉल्ड केडन ह्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३२० इमारतींतील अशा ५०३ जागा तपासल्या असता सुमारे ४१ टक्के जागा लोकांच्या दृष्टीने नाममात्र उपयोगाच्या आढळल्या. ही तपासणी लोकांस आवडते की नाही ह्याची नव्हती. अटी पाळल्या जातात की नाही आणि जागा वापरण्याजोगी आहे की नाही ह्याची होती. मतचाचणीहून ही पद्धत रूक्ष खरी, पण अशा प्रकरणी अधिक विश्वसनीय.

आपल्याकडे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. मुंबईचा प्रारूप आराखडा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये त्याच्या फेरआखणीचा आदेश निघाला. तेथे विरोध वास्तू उभी राहण्यापूर्वीचा होता, म्हणून मोजता आला. वास्तू उभी राहिल्यानंतर विरोधकास हरकत नोंदविण्याची जागाच उरत नाही. त्याच्यापुढे वर न जाणे एवढाच मार्ग राहतो, आणि न गेलेल्यांची गणती कोणत्याही प्रवेशद्वारावर होत नाही.

लंडनमधील टीका मात्र सर्वस्वी वाया गेली नाही. २०१९ मध्ये त्याच रस्त्यावर १२०, फेनचर्च स्ट्रीट ह्या इमारतीच्या छतावर जे उद्यान झाले ते उघड्यावर आहे व तेथे वेळ राखून ठेवावी लागत नाही. २०२३ मध्ये २२, बिशप्सगेट येथील ५८व्या मजल्यावरची जागा लोकांस विनामूल्य खुली झाली. तिला उद्यान न म्हणता प्रेक्षासज्जाच म्हटले गेले. ह्या तीन जागांची तुलनात्मक पाहणी एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेतली तर प्रश्नावली तिन्ही ठिकाणी एकच ठेवावी, आणि मुलाखतकारांपैकी निम्मे उद्वाहनाच्या दाराशी न ठेवता फेनचर्च स्ट्रीटच्या आगगाडीच्या स्थानकावर व नदीपलीकडच्या वाटेवर उभे करावेत.