जमिनीचा भाव व पेठेचें अंतर

जमिनीची किंमत कशानें ठरते, असें विचारल्यास आपण शेतकरी बहुधा मातीकडे बोट दाखवितों. काळी, तांबडी कीं बरड, हें पाहूनच आपले वाडवडील जमीन घेत. परंतु मातीइतकेंच पेठेचें अंतरहि भाव ठरवितें, हा सिद्धांत फॉन थ्युनेन या जर्मन जमीनदारानें १८२६ सालीं ग्रंथरूपानें मांडला. मेक्लेनबुर्ग प्रांतांतील टेलो येथें तो स्वतः शेती करी व तिचा जमाखर्च बारकाईनें ठेवी.

त्याचें म्हणणें असें. सर्वत्र सारख्या मातीच्या सपाट मुलखांत मध्यभागीं एकच शहर आहे, अशी कल्पना करावी. दूध व भाजीपाला हा नाशवंत माल शहरालगत पिकेल, वाहण्यास जड असें सरपण त्यापलीकडे, मग धान्य, आणि आपल्या पायांनीं बाजारास येणारीं गुरें सर्वांत दूर. वाहतुकीचा खर्च वाढला कीं जमिनीचा खंड घटतो. आतां शीतगृहें व मोटारी यांनीं दूरचें दूधहि जवळ आणलें आहे. तरी मूळ हिशेब खोटा ठरला नाहीं.

सरकारी दप्तरासहि हें ठाऊक होतें. याच पुणें जिल्ह्यांत, इंदापूर तालुक्यांत, १८३६ सालीं साऱ्याची नवी आकारणी सुरू झाली व १८४७ सालीं तिचे नियम पक्के झाले. शेताची प्रत आण्यांत लावीत. परंतु गांवांचे गट पाडून कमाल दर ठरवितांना बाजार किती जवळ आहे हेंहि पाहत.

आतां आमचें कोथरूड घ्या. पुण्याच्या पेठांपासून हें गांव अवघ्या दोन कोसांवर, म्हणजे पहिल्याच वर्तुळांतलें. येथें किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना निघाला, मागून वसाहती आल्या आणि ६ मार्च २०२२ पासून वनाझहून मेट्रो धावूं लागली. जेथें एकरानें बोलणें होई, तेथें आतां चौरस फुटानें होतें.

तलाठी दप्तरांतील फेरफार तपासतांना मीं अनेकदां पाहिलें कीं, रस्त्याची वार्ता गांवांत पोंचण्यापूर्वींच खरेदीखतें येऊं लागत. घेणारा उद्यांचें अंतर मोजी; विकणारा आजची माती मोजी. बरड म्हणून तुकडा विकलेले एक गृहस्थ पुढें जुना उतारा मागावयास आले व तो हातीं घेऊन बराच वेळ नुसते उभे राहिले.

उलट हडपसरनजीक मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनीं सुमारें ४०० एकर जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणांत भागीदारी ठेवली व स्वतःच नगर वसविलें.

म्हणून शहराच्या वाटेवरील बंधूंस विनंति कीं, विक्रीपूर्वीं सातबाऱ्यासोबत विकास आराखडाहि पाहावा, बांधालगतच्या शेजाऱ्यांशीं मसलत करावी आणि मगच सही करावी. माती आपणांस ठाऊक आहेच. अंतरहि मोजावयास शिकलें पाहिजे.