लेस विणायला घर कसं हवं?

रुखवतात मांडलेलं क्रोशाचं तोरण जवळून पाहा. साखळी, खांब, मुका टाका; सगळी नक्षी दोऱ्यापेक्षा मधल्या भोकांची. एक खांब चुकला की पुढची ओळ ओढते आणि तिथपर्यंतचं सगळं उसवावं लागतं. म्हणून विणणारीला सुईइतकाच उजेड महत्त्वाचा.

जुन्या खानदेशी घरात तो ओट्यावर मिळायचा. दुपारची कामं आवरून बायका तिथे बसायच्या, एकीचा नमुना दुसरी बघून उचलायची, आणि पोरी शेजारी बसून शिकायच्या. जळगावातल्या मेहरूणसारख्या वाढत्या वस्तीत आज ओट्याची जागा गाडी लावायला जाते. मला वाटतं, या कलेचं मोठं नुकसान इथेच झालं.

आता बांधकामाकडे वळू. उत्तरेच्या खिडकीतला उजेड मवाळ आणि बराच वेळ सारखा राहतो. पण जळगाव 21 अंश अक्षांशावर आहे. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे भरदुपारी सूर्यही किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे त्या खिडकीवरही छज्जा हवाच. उजव्या हाताने विणणारीच्या डावीकडे खिडकी असली, तर हाताची सावली टाक्यावर पडत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. सुती दोरा थोड्या ओलाव्यात बळकट राहतो. उन्हाळ्याच्या झळांत हवा कोरडी पडते, वर घामेजल्या बोटांनी पांढरा दोरा मळतो. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत उशिरा तापते, हवेतला ओलावा धरते आणि हळूहळू सोडते. युरोपात फ्लँडर्सच्या लेसवाल्या बायका जवसाचा बारीक धागा तुटू नये म्हणून दमट तळघरात बसत. धागा टिकायचा, पण डोळे जायचे. ते आपण उचलू नये; ओलावा मातीच्या भिंतीकडून घ्यावा आणि उजेड खिडकीतून.

फ्रान्समधल्या आलाँसाँची सुईची लेस 2010 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आली. तिच्या एका चौरस सेंटिमीटरला सुमारे 7 तास लागतात. इतका वेळ बसायचं, तर बसायला जागा नको का?

घर बांधायला काढलं असेल, तर नकाशा मंजुरीला देण्याआधी दाराशी 6 फूट लांब, दीड फूट उंच ओटा आणि त्यावर छज्जा आखून घ्या.