ऊस, कुत्रा आणि बिबट्या : जुन्नर-आंबेगावच्या शिवारातील जीवसंबंध

आर्थर टॅन्स्ली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये 'इकोसिस्टिम' ही संज्ञा प्रचारात आणली. सजीव आणि त्यांच्या भोवतालची माती, पाणी, हवा ही निर्जीव सृष्टी यांचा विचार एकत्र व्हावा, हा त्यामागील हेतू होता. मराठीत या संज्ञेसाठी 'परिसंस्था' हा शब्द रूढ झाला आहे. 'सम्' आणि 'स्था' यांपासून सिद्ध झालेल्या 'संस्था' या शब्दात एकत्र असण्याचा अर्थ मुळातच आहे. 'परि' या उपसर्गाने त्यास सभोवतालची जोड मिळते. शब्द सुबोध आहे. तथापि तो उच्चारताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखादे अरण्य उभे राहते, आणि शेत, गोठा, उकिरडा, कालवा ही स्थळे परिसंस्थेच्या बाहेरची मानली जातात. या समजुतीची किंमत पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या परिसरात माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली आहे. ती कशी, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

१. संबंधांचे प्रकार

सजीवांचे परस्परसंबंध शास्त्रात सामान्यतः पाच प्रकारांत मांडले जातात : उभयतांना लाभ देणारे सहजीवन, एकास लाभ व दुसऱ्यास ना लाभ ना हानी अशी सहभोजिता, एकाच्या जिवावर दुसऱ्याने जगणे म्हणजे परजीवन, भक्ष्य-भक्षक संबंध आणि स्पर्धा. या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग आहे. आंबेगावच्या बाजूस भीमाशंकरचे अभयारण्य आहे. यांपैकी कोणताही प्रकार दाखविण्यासाठी या मुलखाबाहेर जाण्याचे कारण नाही.

'उंबराचे फूल' हा वाक्प्रचार दुर्मीळ वस्तूस वा व्यक्तीस उद्देशून मराठीत वापरला जातो. उंबराला फुले नसतात असे मात्र नाही. ती फळ म्हणून आपण ओळखतो त्याच्या पोटात, आतल्या बाजूस असतात. फळाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून एका विशिष्ट जातीच्या चिलटाएवढ्या गांधीलमाशीची मादी आत शिरते, येताना आणलेले पराग फुलांवर सांडते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. तिची पुढील पिढी त्याच फळात वाढते. नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात बाहेर पडतात. या माशीवाचून उंबराला बी नाही आणि उंबरावाचून माशीला संतती नाही. हे अनिवार्य सहजीवन होय.

आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ हे परजीवनाचे सर्वपरिचित उदाहरण. पण तेही सर्वस्वी ऐतखाऊ नाही. झाडाकडून पाणी व क्षार घेत असले तरी हिरव्या पानांच्या साहाय्याने ते स्वतःचे अन्न तयार करते, आणि त्याच्या चिकट बिया एका फांदीवरून दुसरीवर नेण्याचे काम फुलटोच्या हा इवलासा पक्षी करतो. चरणाऱ्या म्हशीच्या पायांशी उडणारे किडे टिपणारा गायबगळा हा सहभोजितेचा नमुना.

या उदाहरणांतून एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो. उंबर आणि त्याची माशी यांचा संबंध अतूट आहे; एकास दुसऱ्याची जागा दुसऱ्या कोणी भरून देता येत नाही. गायबगळ्याचा संबंध सैल आहे. म्हैस नसली तर नांगर चालतो, तेही नसल्यास ओले शेत चालते. सैल संबंधांनी जगणारे प्राणी बदललेल्या भूमीत आपला संसार नव्याने थाटू शकतात. बिबट्या हा त्यांतील अग्रगण्य होय.

२. उसाचे रान

जुन्नर आणि आंबेगाव यांचा पूर्वभाग पर्जन्यछायेत येतो. कुकडी प्रकल्पातील धरणे, म्हणजे कुकडीवरील माणिकडोह व येडगाव, मीनेवरील वडज, घोड नदीवरील डिंभे इत्यादी, पूर्ण होत गेली आणि कालव्यांचे पाणी या कोरडवाहू शिवारात पोहोचले. बाजरीच्या जागी ऊस आला. साखर कारखाने निघाले. वीस-तीस वर्षांत भूमीचे रूप पालटले.

बिबट्याच्या दृष्टीने या पालटाचा अर्थ काय, हे पाहिले पाहिजे. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो. माणसाच्या दीडपट-दुप्पट उंचीचे हे पीक आतून दाट, गारव्याचे आणि बहुतांश काळ निर्मनुष्य असते. पाटाचे पाणी पायाशी असते. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन महिन्यांचा. पिल्ले जन्मतात, त्यांचे डोळे उघडतात, ती आईमागे हिंडू लागतात, आणि तरीही ऊस उभाच असतो. तोडणी झाली तरी शेजारचा फड उभा असतो, आणि तोडलेल्या फडात खोडवा पुन्हा फुटतो. उसात जन्मलेल्या बिबट्यास सह्याद्रीचे अरण्य हे घर नव्हे. त्याने ते कदाचित पाहिलेलेही नसते. ऊसतोडणीच्या हंगामात फडात बछडी सापडल्याच्या बातम्या जुन्नर परिसरातून दरवर्षी येतात, त्याचे कारण हेच.

३. भक्ष्याचा पुरवठा

निवारा मिळाला तरी अन्न हवे. वन्य तृणभक्षक नसलेल्या या प्रदेशात बिबट्या खातो काय, या प्रश्नाचे उत्तर जुन्नरच्या उत्तरेस लागून असलेल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात शोधले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बिबट्यांच्या विष्ठेचे विश्लेषण केले. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. मांजरांचा वाटा १५ टक्के, तर संख्येने कुत्र्यांच्या सातपट असलेल्या शेळ्यांचा केवळ ११ टक्के. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रा मोकळा असतो. एवढा साधा फरक या आकड्यांमागे आहे. याच तालुक्यातील स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे आणि तितकेच तरस आढळले. तेथील लोकवस्तीची घनता मात्र चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक होती.

आता ही साखळी उलट दिशेने वाचावी. बिबट्या कुत्र्यावर जगतो. कुत्रा उकिरड्यावर, बाजाराच्या गावातील उष्ट्यावर आणि उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर जगतो. हा सर्व कचरा बागायती समृद्धीतून निर्माण होतो. आणि समृद्धी धरणाच्या पाण्यातून. अरण्यातील अन्नसाखळी जशी सूर्यप्रकाश व गवत यांपासून सुरू होते, तशी ही कालव्याच्या दारापासून सुरू होते. तिच्या प्रत्येक कडीला मनुष्याचा हात लागलेला आहे. म्हणून या परिसंस्थेत मनुष्य हा प्रेक्षक नसून घटक आहे.

स्थळाप्रमाणे काळाचाही येथे विचार करावा लागतो. बिबट्या निशाचर, मनुष्य दिवाचर. दोघांच्या वेळा भिन्न, म्हणून एकाच शिवारात दोघांचा निभाव लागतो. परंतु शेतीपंपांना वर्षानुवर्षे रात्रपाळीने वीज मिळत राहिली आणि शेतकऱ्यास मध्यरात्री उसाला पाणी देण्यास जावे लागले. दिवसा वीज द्या, ही येथील शेतकऱ्यांची मागणी वीजपुरवठ्याची दिसते. वस्तुतः ती दोन प्राण्यांच्या वेळा पुन्हा वेगळ्या करण्याची मागणी आहे. मेंढपाळांचे उघड्या रानातील वाडे, ऊसतोड कामगारांच्या फडालगतच्या कोप्या येथेही वेळ आणि स्थळ दोन्ही एकत्र येतात. लहान मूल, किंवा गवत कापण्यास वाकलेला मनुष्य, हा बिबट्यास बुटक्या चतुष्पादासारखा भासत असावा, असे अनुमान केले जाते.

४. एक अनपेक्षित निष्कर्ष

१९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्याचे मनुष्यांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होत असत. बिबट्या हा जंगलाचा प्राणी, तो चुकून शेतात आला आहे, त्यास जंगलात नेऊन सोडावे, अशा सद्‌हेतूने २००१ पासून शिवारात पकडलेले बिबटे दूरच्या वनांत सोडण्यास आरंभ झाला. जुन्नरमध्ये असे सुमारे २९ बिबटे, सरासरी ४० किलोमीटर अंतरावर, सोडण्यात आले. त्यानंतर हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ पर्यंत गेली, आणि हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण दुप्पट झाले. हे निष्कर्ष अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले.

असे का व्हावे? बिबट्या एकाकी राहत असला तरी असंबद्ध राहत नाही. प्रत्येक नराचे व मादीचे क्षेत्र ठरलेले असते आणि शेजारी एकमेकांस गंधाने व खुणांनी ओळखतात. एक काढला की त्याची जागा रिकामी होते आणि तीसाठी नवखे, बहुधा तरुण प्राणी येतात. ज्यास हलविले त्याची अवस्था याहून बिकट. तो परक्या रानात सोडला जातो, तेथील जागा आधीच व्यापलेल्या असतात, आणि पकडण्याच्या व पिंजऱ्यातील अनुभवाने तो बिथरलेला असतो. बहुधा तो परतीची वाट धरतो आणि ती वाट अनोळखी वस्त्यांतून जाते.

२००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक प्रौढ नर माळशेज घाटाच्या परिसरात गळपट्टा बांधून सोडण्यात आला. उपग्रहाच्या साहाय्याने त्याच्या हालचाली टिपल्या गेल्या. 'आजोबा' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून, लोहमार्ग आणि वसईची खाडी ओलांडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. प्राण्याच्या मनातील नकाशा मनुष्याने काढलेल्या वनसीमेशी जुळतोच असे नाही, एवढे यावरून सिद्ध होते. २०११ मध्ये केंद्र शासनाच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा स्थलांतरणास प्रतिकूल मत नोंदविण्यात आले.

५. क्रियापदाचा प्रश्न

भाषेच्या अभ्यासकास या इतिहासात आणखी एक धागा दिसेल. बिबट्याच्या वार्तेतील क्रियापदे पाहावीत : तो वस्तीत 'शिरतो', गावात 'घुसतो', जंगलातून 'येतो'. ही सर्व गतिवाचक क्रियापदे आहेत आणि प्रत्येकात एक आत व एक बाहेर गृहीत आहे. बाहेरून आलेल्यास बाहेर घालवावे, हा निष्कर्ष त्या क्रियापदातच दडलेला असतो. ज्या उसात प्राणी जन्मला, तेथे त्याच्याविषयी स्थितिवाचक 'असतो' हे क्रियापदच यथार्थ ठरेल.

पश्चिमेकडील डोंगरी गावांत हे 'असणे' नवे नाही. महादेव कोळी समाजात वाघोबा हा देव आहे. आश्विन वद्य द्वादशीस, इतरत्र वसुबारस म्हणतात त्या दिवशी, येथे वाघबारस पाळली जाते, गुराखी वाघोबास नैवेद्य दाखवितात आणि गुरांच्या रक्षणाची प्रार्थना करतात. बोलीत 'वाघ' हा शब्द पट्टेरी वाघाप्रमाणे बिबट्यासही लागू आहे. वाघबारस म्हणजे बिबट्याविषयीचे प्रेम, असा तिचा अर्थ लावणे भाबडेपणाचे होईल. तीत भय आहेच. परंतु भक्षक आपल्याच शिवाराचा रहिवासी आहे आणि त्याच्याशी काही नियमाने वागावयाचे आहे, ही जाणीवही तीत आहे. पूर्वेकडील बागायती पट्ट्यात बिबट्या एका पिढीच्या अवधीत स्थिरावला. तेथील व्यवहारात आणि भाषेत ही जाणीव रुजण्यास वेळच मिळाला नाही.

६. समारोप

यावरून बिबट्याच्या बाजूने निर्णय द्यावा आणि शेतकऱ्यास सहनशीलतेचा उपदेश करावा, असे मुळीच नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत लगतच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात दोन बालके व एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यांत दगावली. ज्या घराच्या अंगणापासून ऊस सुरू होतो, त्या घरातील मातेस परिसंस्थेचे विवरण पुरेसे नाही. मनुष्यावर वारंवार हल्ला करणारा प्राणी दूर करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. प्रश्न आहे तो उर्वरित बिबट्यांचा, आणि तो पिंजऱ्यांच्या संख्येने सुटणारा नाही, हे २००१ नंतरच्या अनुभवाने दाखविले आहे.

साखळीच्या ज्या कड्या मनुष्याच्या हाती आहेत, तेथे उपाय शक्य आहे. घर आणि ऊस यांत मोकळी पट्टी ठेवणे, गोठ्यास जाळी व छप्पर घालणे, मेलेल्या कोंबड्या पुरणे, मोकाट कुत्र्यांची संख्या आटोक्यात आणणे, पाणी देण्यासाठी दिवसा वीज पुरविणे, मेंढपाळांस व तोडणी कामगारांस रात्रीचा सुरक्षित निवारा देणे, फडात सापडलेली बछडी न हलविता आईस परत मिळू देणे, हे उपाय दिसावयास किरकोळ आहेत. पण त्यांतील प्रत्येक एका जीवसंबंधाला हात घालतो.

जुन्नर-आंबेगावात पश्चिमेचे अरण्य आणि पूर्वेचा ऊस यांमध्ये जेमतेम एका दिवसाच्या चालीचे अंतर आहे. जुने, घट्ट संबंध आणि नवे, सैल संबंध येथे शेजारी शेजारी अभ्यासता येतात. प्राणिशास्त्र, कृषिविद्या आणि भाषाशास्त्र या तिन्ही शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मिळून या शिवारात काम केल्यास विष्ठेच्या नमुन्यांबरोबर गुराख्यांचे, मेंढपाळांचे आणि पाणी देणाऱ्यांचे शब्दही नोंदले जातील. बिबट्या कोणत्या फडात, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रहरी असतो, हे ज्ञान पुष्कळदा त्या शब्दांतच साठविलेले असते, आणि पुढील अपघात टाळण्यासाठी नेमके तेच हवे आहे.