पत्ता आणि पहारा

पाकिटावर पत्त्याच्या शेवटी सहा आकड्यांचा जो पिनकोड लिहिला जातो, तो भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी प्रचारात आला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातील अधिकारी होते आणि संस्कृत कवी म्हणूनही त्यांचा लौकिक होता. या सहा आकड्यांपैकी पहिला देशाचा विभाग सांगतो, त्यापुढील दोन आकडे क्षेत्र अधिकाधिक लहान करीत जातात आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष डाकघर दाखवितात. पत्रांची वर्गवारी करणाऱ्याला सबंध पत्ता वाचण्याचे कारण उरत नाही; पत्र कोणत्या दिशेस रवाना करावयाचे एवढे पहिल्या आकड्यांवरून कळले की त्याचे काम झाले. इंटरनेटवरील पत्त्यांची रचना तत्त्वतः अशीच असते. इंटरनेटशी बोलणाऱ्या प्रत्येक उपकरणाला, मग तो संगणक असो, मोबाइल असो की दारावरील कॅमेरा असो, एक क्रमांक लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. संदेशाचे लहानलहान तुकडे हाच क्रमांक पाहून मुक्कामी पोहोचतात.

या पत्त्यांची जी पद्धत प्रथम जगभर रूढ झाली, ती चौथी आवृत्ती, म्हणजेच आयपीव्ही ४. तिचे नियम १९८१ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने नव्या नियमांचा अंगीकार केला. हा पत्ता बत्तीस द्विअंकी स्थानांचा असल्यामुळे त्यातून एकंदर ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक निघू शकतात. काही विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यापुरत्या त्या प्रयोगाला सव्वाचार अब्जांहून अधिक पत्ते म्हणजे कुबेराचे भांडार वाटले असल्यास नवल नाही. परंतु पुढे प्रयोगाचा प्रपंच झाला. घरोघरी संगणक आले, मागोमाग खिशाखिशांत मोबाइल आले आणि भांडाराचा तळ दिसू लागला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे पाच मोठे गट जगाच्या पाच विभागीय संस्थांना वाटून देण्यात आले आणि मध्यवर्ती कोठार रिकामे झाले.

ही टंचाई येणार याची चाहूल जाणकारांना फार आधी लागली होती. तिच्यावर १९९४ साली जो तात्पुरता तोडगा निघाला, तो समजून घेण्यास जुन्या वाड्याचे उदाहरण उपयोगी पडेल. वाड्यात बिऱ्हाडे वीस असली तरी रस्त्यावरील घरक्रमांक एकच असतो. आतील खोल्यांना दिलेले क्रमांक वाड्यापुरतेच खरे. शेजारच्या वाड्यातही तेच क्रमांक असू शकतात. घरातील राउटरने हीच व्यवस्था पत्करली. बाहेरच्या जगाला पत्ता एक, आत मात्र १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते हवे तितके. देवडीवर जणू एक कारकून बसविला गेला. आतून कोणी पत्र धाडले की तो त्याची वहीत नोंद करतो, प्रेषकाच्या जागी वाड्याचा पत्ता घालतो आणि उत्तर आले की वही पाहून ते नेमक्या बिऱ्हाडात पोहोचवितो. या पत्ताबदलाच्या व्यवस्थेला नॅट असे संक्षिप्त नाव आहे.

या कारकुनाच्या हातून नकळत आणखी एक काम होऊ लागले. ज्या पत्राची वहीत नोंद नाही, म्हणजे जे कोणीही मागविलेले नाही, ते कोणत्या बिऱ्हाडाचे हे त्याला कळत नसे. साहजिकच तो ते बाजूला टाकी. परिणामी बाहेरून आगंतुकपणे येणारा मनुष्य देवडीपाशीच अडू लागला. घरमालकाला वाटले की आपल्या दाराला कुलूप आहे. वस्तुतः कुलूप कोणी लावलेच नव्हते. केवळ खोल्यांचे पत्ते बाहेर ठाऊक नसल्याने पाहुणा परत जात होता. पत्त्यांच्या दुष्काळातून निपजलेल्या या योगायोगालाच पुष्कळांनी सुरक्षा मानले, आणि आजच्या अनेक चुकांचे मूळ या समजुतीत आहे.

दुष्काळाचा स्थायी उपाय म्हणून सहावी आवृत्ती, आयपीव्ही ६, तयार झाली. तिचा पहिला मसुदा १९९५ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला आणि जुलै २०१७ मध्ये तिला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. तिचा पत्ता १२८ द्विअंकी स्थानांचा असल्याने पत्त्यांची एकूण संख्या ३४० वर छत्तीस शून्ये मांडावीत एवढी होते. पिनकोडप्रमाणेच या पत्त्याचा पुढचा अर्धा भाग क्रमाक्रमाने विभाग, सेवा देणारी कंपनी, ग्राहक आणि त्याचे जाळे दर्शवितो. मागचा अर्धा भाग त्या जाळ्यातील उपकरणाचा असतो. भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने या बदलाचा आराखडा जुलै २०१० मध्ये जाहीर केला, त्याची दुसरी आवृत्ती २०१३ च्या मार्चमध्ये काढली, आणि २०१६ नंतर मोबाइल सेवेच्या विस्ताराबरोबर हा देश नवी पद्धत वापरणाऱ्या जगातील अग्रेसर देशांत जाऊन बसला. आज असंख्य भारतीय घरांत ही पद्धत चालू आहे आणि घरच्यांना तिची वार्ताही नाही.

नव्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा, जगभर ओळखला जाणारा पत्ता मिळतो. वाड्यातील प्रत्येक खोलीला नगरपालिकेने स्वतंत्र घरक्रमांक दिला, असे समजावे. पत्ताबदल करणाऱ्या कारकुनाची गरज संपली, आणि त्याच्याबरोबर त्याच्या हातून नकळत होणारी अडवणूकही संपली. येथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. कारकून गेला तरी देवडी आहे तेथेच आहे. येणारेजाणारे सारे संदेश अजूनही राउटरमधूनच जातात. तेथे खरा पहारेकरी बसवावयाचा की देवडी ओस ठेवावयाची, हा आता मालकाच्या निर्णयाचा विषय आहे. या पहारेकऱ्याला फायरवॉल म्हणतात. त्याचीही वही असते, पण ती पत्ते बदलण्यासाठी नसते. आतून कोणी संभाषण सुरू केले असल्यास त्याचे उत्तर तो आत सोडतो आणि न बोलाविता आलेल्याला दारातच थांबवितो. घरगुती राउटरने नव्या पद्धतीतही असा पहारा मुळापासून ठेवावा, अशी शिफारस इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या तज्ज्ञमंडळाने जानेवारी २०११ मध्ये केली. तथापि शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. राउटर कोणता आहे आणि तो कसा बसविला आहे, यावर पहारा आहे की नाही हे अवलंबून राहते.

पत्ते इतके अफाट आहेत की चोराला उपकरण सापडणारच नाही, असा युक्तिवाद काही जण करतात. त्यात तथ्यांश आहे. एकाच घरगुती जाळ्यातील सारे संभाव्य पत्ते सेकंदाला दहा लाख या गतीने धुंडाळले, तरी पाच लाख ऐंशी हजारांहून अधिक वर्षे लागतील. परंतु चोर असा दारोदार फिरत नाही. उपकरण ज्या ज्या ठिकाणी जाते, तेथे तेथे ते आपला पत्ता ठेवून येते. तो तेथून उचलला की शोधाचे कष्टच उरत नाहीत. शिवाय आरंभीच्या रीतीप्रमाणे पत्त्याचा मागचा भाग उपकरणाच्या कारखान्यातील क्रमांकावरून बनत असे. त्यामुळे मनुष्य गाव बदलून गेला तरी त्याच्या संगणकाचा माग काढता येई. पुढे अधूनमधून बदलणाऱ्या तात्पुरत्या पत्त्यांची सोय झाली आणि आजचे बहुतेक संगणक व मोबाइल ती वापरतात. स्वस्त कॅमेऱ्यांविषयी तशी खात्री देता येत नाही.

पहारा ढिला असला म्हणजे काय घडते, हे जगाने जुन्याच पद्धतीच्या काळात पाहिले आहे. २०१६ साली मिराई नावाच्या दुष्ट प्रणालीने जगभरचे लक्षावधी कॅमेरे आणि राउटर कह्यात घेतले. तिची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येताना असलेल्या नाव-पासवर्डांच्या साठांहून अधिक जोड्या ती एकामागून एक लावून पाही. अशा वेठीस धरलेल्या उपकरणांच्या साह्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील डिन या कंपनीवर मारा झाला आणि कित्येक नामांकित संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. ज्यांच्या घरचे कॅमेरे या माऱ्यात सामील होते, त्यांना आपल्या भिंतीवरचे उपकरण परक्याची चाकरी करीत आहे याचा पत्ताही नव्हता.

कचेऱ्यांपुढील प्रश्न याहून निराळा आहे. कचेरीत फायरवॉल असते, तिचे नियमही लिहिलेले असतात; परंतु ते पुष्कळदा जुन्या पद्धतीपुरतेच असतात. संगणक मात्र दोन्ही भाषा बोलतात, कारण आजच्या संगणकांत नवी पद्धत मुळातच चालू असते. म्हणजे पुढच्या दाराशी शस्त्रधारी शिपाई आणि परसदाराला साधी कडीही नाही, अशी अवस्था होते. नव्या पद्धतीत राउटर आपल्या अस्तित्वाची द्वाही फिरवितो आणि संगणक तिच्यावर विश्वास ठेवतात. आत शिरलेल्या एखाद्या लबाड यंत्राने तशीच द्वाही फिरविली, तर सारी ये-जा त्याच्या हातून होऊ लागते. कचेरीतील स्विचमध्ये याला आळा घालण्याची सोय असते, पण ती चालू करावी लागते. यावर नवी पद्धतच बंद करावी असे सुचविणारेही भेटतात. हा उपाय डोकेदुखीवर डोके कापण्यासारखा आहे. नव्या पद्धतीतील सर्व सूचनासंदेश सरसकट अडविणे हीदेखील चूकच, कारण संदेश आकाराने मोठा झाला आहे अशी जी सूचना वाटेवरील राउटर देतो, ती न पोहोचल्यास पुढची देवाणघेवाण खुंटते.

तेव्हा गृहस्थाने करावयाचे ते फार अवघड नाही. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड प्रथम बदलावा. राउटरच्या मांडणीत आयपीव्ही ६ साठी फायरवॉल चालू आहे काय, हे पाहावे. स्वतःला कळत नसल्यास सेवा देणाऱ्या कंपनीस हाच प्रश्न नेमक्या शब्दांत विचारावा. आतील उपकरणांना परस्पर दार उघडू देणारी यूपीएनपी ही सोय लागत नसेल तर बंद ठेवावी. कॅमेरे, दूरचित्रवाणी संच आणि तत्सम वस्तू पाहुण्यांसाठी असलेल्या वेगळ्या वायफायवर ठेवाव्यात, म्हणजे त्यांतील एखादी बिघडली तरी बँकेचे व्यवहार होणारा संगणक तिच्यापासून दूर राहील. ज्या उपकरणाला कंपनीकडून सुधारणा मिळणे थांबले आहे, ते चालत असले तरी इंटरनेटवरून काढावे. कचेरीने एवढे करून शिवाय दोन्ही पद्धतींचे नियम शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावेत. एका यादीत जे दार बंद आहे, ते दुसऱ्या यादीतही बंद असले पाहिजे.

वाड्यातील मंडळी निर्धास्त झोपत, कारण दिंडी दरवाजा एकच होता आणि रात्री त्याला अडसर पडत असे. आता प्रत्येक खोलीला स्वतःचा पत्ता मिळाला आहे. ही समृद्धी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र जो अडसर टंचाईने फुकट घालून दिला होता, तो यापुढे घरच्या माणसाने दररोज आठवणीने घालावयाचा आहे.